प्रयोगवहीत काट मार, खोडू नकोस

पोरी, बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलंस ते बरं केलंस. आता पाड्यावरचे चार जण विचारतील, 'इंजिनिअरिंगला नंबर नाही का लागला?' त्यांना उत्तर देत बसू नकोस. तुझा मामा काही प्रोफेसर नव्हे. नाशिकच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट होतो, निवृत्त झालो आणि सुरगाण्याला परत आलो. सर लोक फळ्यापाशी असायचे, मी कपाटापाशी. पण कपाटापाशी उभं राहिलं की पोरांचे हात दिसतात, आणि कोण पुढे टिकणार याचा अंदाज मार्कांच्या आधी हातावरून येतो. माझ्या आधी तिथे जे थोरले असिस्टंट होते त्यांनी मला चार गोष्टी कानात सांगितल्या होत्या. त्यांत माझ्या चार घालून तुला सांगतो. तुझे सर सिलॅबस शिकवतील, हे शिकवायला त्यांना वेळ मिळायचा नाही.

उपकरण हातात आलं की आधी त्याचा लीस्ट काउंट काढ आणि वहीच्या डोक्यावर लिही. मग झिरो एरर बघ. स्क्रू गेजची तोंडं मिटवली आणि शून्य शून्यावर आलं नाही, तर ते किती आणि कुठल्या बाजूला सरकलंय ते लिही. हे दोन मिनिटांचं काम आहे. पण निम्मी बॅच ते शेवटी करते, म्हणजे आकडे घेऊन झाल्यावर, आणि मग सगळे आकडे एकाच दिशेने चुकलेले निघतात.

सोडियमचा दिवा लॅबमध्ये शिरल्याबरोबर लाव. तो आधी लालसर पेटतो, पुरा पिवळा व्हायला दहा-एक मिनिटं घेतो. तेवढ्यात स्पेक्ट्रोमीटरची पातळी लावून होते. आणि एकदा लावलेला दिवा मध्येच बंद करू नकोस, गरम दिवा लगेच परत पेटत नाही, आणि तुझ्यामागे पुढची बॅच उभी असते.

न्यूटनच्या रिंगांचा प्रयोग तुला लागेलच. सपाट काचेवर किंचित फुगीर भिंग ठेवतात, वरून पिवळा उजेड सोडतात, आणि मायक्रोस्कोपमधून पाहिलं की काळ्या-पिवळ्या कड्या दिसतात. कड्यांचा व्यास मोजायचा, त्यावरून भिंगाची वक्रता नाही तर उजेडाची तरंगलांबी काढायची. इथे खुबी एकच आहे. समज, डावीकडच्या विसाव्या कडीपासून सुरुवात केलीस, तर मायक्रोस्कोपचा स्क्रू एकाच दिशेने फिरवत उजवीकडच्या विसाव्या कडीपर्यंत जा. मध्ये एक कडी हुकली म्हणून स्क्रू उलटा फिरवलास की संपलं. स्क्रूच्या आट्यांमध्ये थोडी ढिलाई असते, उलटा फिरवला की तो आधी नुसताच फिरतो आणि मायक्रोस्कोप जागचा हलत नाही. त्या ढिलाईला बॅकलॅश म्हणतात. कडी हुकली तर चार कड्या मागे जा आणि मूळ दिशेने परत ये. आणि मधोमध काळा ठिपका न दिसता उजळ दिसला तर घाबरू नकोस, काचेवर धूळ आहे. भिंग पुसायला मऊ कापड माग. ओढणीने पुसू नकोस, ओरखडे पडतात आणि असिस्टंट लोक शिव्या घालतात. मी घातल्यात.

आता मुख्य गोष्ट सांगतो. प्रयोगवहीत चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ मार, बाजूला नवा आकडा लिही, पण जुना वाचता आला पाहिजे. खोडरबर, व्हाइटनर, पान फाडणं, काही नको. थोरल्या असिस्टंटनी हे मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. का, ते मला नंतर कळलं. बार पेंड्युलमने गुरुत्वत्वरण 'जी' काढायचा प्रयोग असतो. आपल्या नाशिकच्या अक्षांशाला आणि उंचीला 'जी'चं मूल्य 978.5 सेंटीमीटर प्रति सेकंद वर्गाच्या आसपास येतं. वर्गातल्या स्टॉपवॉचने आणि हाताने केलेल्या प्रयोगात एखाद टक्क्याची चूक व्हायचीच, म्हणजे कुणाचं 969 येईल, कुणाचं 987. पण जर्नलं तपासायला टेबलावर आली की बघावं तर ओळीने 980, 980, 980.2, 979.9. पुस्तकातला 980 पाठ, म्हणून वहीतही 980! पोरांना वाटायचं सरांना कळत नाही. सरांना कळायचं, पण तीस जर्नलं आणि एक तास, सही करून मोकळे व्हायचे.

तू 969 आलं तर 969 लिही. खाली लिही, लांबी मोजताना अमुक चूक, वेळ मोजताना तमुक चूक, दोन्ही मिळून एवढी. ज्या पोरांना मी असं लिहिताना पाहिलं त्यांतली बरीच पुढे टिकली. बाकीची हुशार नव्हती असं नाही, पण उत्तर आधीच ठाऊक असलेल्या प्रयोगात खोटं बोलायची सवय लागली की उत्तर कुणालाच ठाऊक नसलेल्या प्रयोगात माणूस बावचळतो, आणि संशोधन म्हणतात ते सगळं त्या दुसऱ्या जातीचं.

याच्या जोडीला आणखी एक. पुढे तुला गायगर काउंटर मिळेल, किरणोत्सार मोजायचा. तो टकटक मोजतो. मिनिटात 100 टकटक झाल्या तर परत मोजल्यावर नेमक्या 100 होणार नाहीत, 92 होतील, 109 होतील. त्यात यंत्र बिघडलेलं नसतं. अशा मोजणीत चढउतार साधारण आकड्याच्या वर्गमुळाएवढा असतो. 100 ला 10, म्हणजे दहा टक्के. 10,000 मोजल्या तर 100, म्हणजे एक टक्का. म्हणून एक टक्क्याचं उत्तर हवं असेल तर दहा हजार मोजेपर्यंत स्टुलावर बसावं लागतं, दुसरी वाट नाही. पहिल्या वर्षालाच हे कुणी सांगितलं तर किती बरं होईल, असं मला नेहमी वाटे.

गणिताकडे पाठ फिरवू नकोस. फिजिक्सची पोरं दुसऱ्या वर्षाला गळतात ती फिजिक्समुळे नाही, डिफरन्शियल इक्वेशनमुळे. मायनर विषय घ्यायची वेळ आली की मैत्रिणी घेतात म्हणून भलतं काही घेऊ नकोस, मॅथ्स घे. हल्ली नव्या धोरणाने चार वर्षांची ऑनर्सची पदवीही आली आहे. तीन वर्षांनी बाहेर पडता येतं, चौथं केलं तर संशोधनाच्या वाटेला उपयोग होतो. तिसऱ्या वर्षाला ठरव, आत्ता डोकं शिणवू नकोस.

इंग्रजीचं तुझ्या मनात आहे, मला माहीत आहे. मराठीतून शिकून गेलेल्या पोराला पहिलं सेमिस्टर जड जातं. यावर आमच्या लॅबमध्ये एक मुलगा होता, पेठकडचा, तो करायचा ते सांगतो. रात्री होस्टेलवर खोलीतल्या दोघांना तो दिवसाचं डेरिव्हेशन मराठीत समजावून द्यायचा, आणि मगच इंग्रजीत एकदा लिहायचा. मराठीत समजावता आलं नाही तर समजलंच नाही, असं तो म्हणे. परीक्षेच्या गाइडची पानं इंग्रजीत पाठ करणारी पोरं तोंडी परीक्षेत पहिल्या 'का?'लाच आडवी व्हायची. तोंडीला बाहेरचे परीक्षक आले आणि येत नसेल तर 'सर, येत नाही' म्हण, थापा मारू नकोस. परीक्षकाने आयुष्यभर थापा ऐकलेल्या असतात.

पुस्तकं फार नकोत. रेस्निक-हॅलिडे आणि एच. सी. वर्मा यांच्यातली गणितं सोडव, वाचू नकोस, सोडव. तिसऱ्या वर्षाला ग्रिफिथ्सचं इलेक्ट्रोडायनॅमिक्स लायब्ररीतून काढ. फाइनमनची लेक्चर्स नेटवर फुकट वाचायला मिळतात. आयआयटी मद्रासच्या व्ही. बालकृष्णन यांचे तास यूट्यूबवर आहेत, रेंज आली की उतरवून घे. आणि मराठीत जयंत नारळीकर वाच. 2021 च्या डिसेंबरात नाशिकला साहित्य संमेलन झालं तेव्हा अध्यक्ष तेच होते, प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. कोल्हापूरला जन्मलेला, केंब्रिजला नाव काढलेला माणूस 1972 ला परत येतो आणि पुढे पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी करतो, हे आपल्या पोरांनी ऐकलंच पाहिजे. आणखी जवळचं सांगू? अभय अष्टेकर आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला जन्मले, 1949 साली. आइन्स्टाइनची गुरुत्वाकर्षणाची समीकरणं त्यांनी 1986 मध्ये नव्या चलांत मांडली, त्यावर जगभर एक अख्खी शाखा उभी राहिली, आणि 2018 मध्ये अमेरिकन फिजिकल सोसायटीचा आइन्स्टाइन पुरस्कार त्यांना मिळाला. सगळ्यांनाच अष्टेकर व्हायचं नसतं, पण शिरपूर एसटीने जाण्याएवढं जवळ आहे हे लक्षात असू दे.

सुट्टीत एक काम कर. नाशिक-पुणे रोडला नारायणगाव लागतं, तिथून खोडद जवळ. तिथे जीएमआरटी आहे, गोविंद स्वरूप यांनी उभारलेली रेडिओ दुर्बीण, 30 तबकड्या, प्रत्येक 45 मीटर व्यासाची. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांना पाहायला खुली करतात, तेव्हा जा. तबकडीकडे नीट बघ. ती पत्र्याची नाही, तारेची जाळी आहे. रेडिओ लहरी लांब असतात, त्यांना जाळीची भोकं दिसतच नाहीत. जाळीमुळे वारा आरपार जातो, वजन कमी, खर्च कमी. तू ऑप्टिक्समध्ये तरंगलांबी शिकशील तेव्हा ही जाळी आठवून बघ.

तिसऱ्या वर्षानंतर काय, हे तिसऱ्या वर्षानंतर विचारायचं नसतं. फॉर्म आधी निघतात. आयआयटीत एम.एस्सी. नाही तर आयआयएस्सीत एम.एस्सी.-पीएच.डी. एकत्र करायची तर 'जॅम' परीक्षा: अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरात, परीक्षा फेब्रुवारीत, 3 तास, 60 प्रश्न, 100 गुण. मुलींना आणि एससी-एसटीला फी निम्मी. केंद्रीय विद्यापीठांना सीयूईटी-पीजी. संशोधनालाच जायचं तर टीआयएफआरची परीक्षा आणि जेस्ट. पुणे विद्यापीठाचं स्वतःचं फिजिक्स डिपार्टमेंट आहे, तेही कमी नाही. पहिल्या वर्षात असतानाच होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस कार्यक्रम बघ, तो तुमच्यासारख्या बी.एस्सी.वाल्यांसाठीच काढलेला आहे. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप असते, तिच्यात मोठ्या संस्थेत दोन महिने काम करता येतं. सरांकडून शिफारसपत्र लागतं, म्हणून एका तरी सरांना तुझं नाव आणि तुझी वही ठाऊक असू दे.

तुझा धाकटा अकरावीला आहे, त्याला वेगळं सांग. बारावीनंतरच त्याला आयझरची आयएटी आणि भुवनेश्वरच्या नायझरची व मुंबईच्या सीईबीएसची नेस्ट देता येईल, पाच वर्षांचं सलग शिक्षण. पुण्याचं आयझर 2006 पासून आहे. पण त्याने बायोलॉजीच्या नादाने मॅथ्स सोडलं तर या परीक्षा जड जातील. आमच्याकडे गावोगावी डॉक्टर करायची हौस, त्यापायी किती पोरांनी मॅथ्स टाकलं त्याला गणती नाही.

पीएच.डी.ला पैसा लागतो असं तुझा बाप म्हणतो. लागत नाही, मिळतो. सीएसआयआर-नेटची जेआरएफ लागली तर महिना 37,000 रुपये, 2023 पासूनचा दर. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राची वेगळी राष्ट्रीय फेलोशिप आहे, दरवर्षी 750 जागा. परदेशी जायला वेगळी शिष्यवृत्ती, तिच्या 20 जागा. आपल्या तालुक्यातून अर्जच कमी जातात.

नोकरीचं बोलू. प्राध्यापकी करायची तर एम.एस्सी.नंतर नेट नाही तर सेट. सेट म्हणजे महाराष्ट्र-गोव्यासाठीची, पुणे विद्यापीठच घेतं. ज्युनिअर कॉलेजला एम.एस्सी. बी.एड. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची ट्रेनिंग स्कूल 1957 पासून चालू आहे, तिथे एम.एस्सी.वाल्यांना वर्षभर पगारी शिकवतात आणि मग सायंटिफिक ऑफिसर म्हणून घेतात. तिथूनच एम.एस्सी.नंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा होतो. कॅन्सरच्या दवाखान्यात रेडिएशन देतात ना, तो डोस किती, कुठल्या कोनातून, हे मोजणारा माणूस डॉक्टर नसतो, फिजिक्सवाला असतो. त्याच्याशिवाय ते मशीन चालवायला अणुऊर्जा नियामक मंडळ परवानगी देत नाही. या नोकरीचं नाव आपल्या भागात कुणी ऐकलेलं नसतं. न्यायवैद्यक प्रयोगशाळा नाशिकलाच आहे. हवामान खात्यात फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेल्यांना सायंटिफिक असिस्टंटची जागा निघते. आणि बँक, एमपीएससी, तलाठी, तेही आहेच. फिजिक्स शिकून तलाठी झालेली माझ्या ओळखीची बरीच पोरं आहेत, कुणी दुःखी दिसत नाही.

हिंगोलीजवळ औंढा नागनाथला लायगो-इंडियाचं काम आहे. 4 किलोमीटरचे दोन हात काटकोनात, त्यांत लेझर. केंद्राने 2023 च्या एप्रिलमध्ये 2,600 कोटी मंजूर केले. 14 सप्टेंबर 2015 ला अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांनी गुरुत्वीय लहर पहिल्यांदा पकडली, तिने ते हात प्रोटॉनच्या आकारापेक्षाही कितीतरी कमी हलवले होते. अशा लहरींच्या विश्लेषणाच्या पद्धतींत आयुकाच्या संजीव धुरंधरांचं काम आहे. एम.एस्सी.च्या लॅबमध्ये टेबलावर मायकेल्सनचा इंटरफेरोमीटर असतो, दोन आरसे आणि मधली काच. लायगो म्हणजे तोच, लांबी वाढवलेला. पट्टे हलायला लागले की मुलं ओरडायची, 'सर, कोणीतरी टेबलाला धक्का मारला!' असा धक्का ओळखणारी आणि तो बाजूला काढणारी माणसं तिथे लागणार, त्यांत इलेक्ट्रॉनिक्सवाले, व्हॅक्यूमवाले, कॉम्प्युटरवाले सगळे आले. म्हणून पायथन शीक. पण आधी दोन वर्षं ग्राफ हाताने काढ, कागदावर. हाताने काढताना एखादा बिंदू रेषेबाहेर गेला की तो टोचतो.

आता आपल्या घरचं. आपल्याकडे पाऊस दणकून पडतो, आणि मार्च उजाडला की बाया हंडे घेऊन झऱ्याला. पाणी नार-पारेने पश्चिमेला निघून जातं, कारण खाली काळा पाषाण, मुरायला जागा थोडी. बोअर कुठे घ्यावी हे गावात नारळ हातावर धरून ठरवतात. फिजिक्सवाला काय करतो ते सांगतो. जमिनीत एका रेषेत सारख्या अंतरावर चार खुंट्या ठोकायच्या. बाहेरच्या दोघींतून करंट सोडायचा, आतल्या दोघींत व्होल्टेज मोजायचं. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रोध, त्याला 2π ने आणि खुंट्यांमधल्या अंतराने गुणलं की जमिनीची रोधकता आली. अंतर वाढवत न्यायचं, तसा करंट खोल जातो. अखंड कातळाची रोधकता जास्त, भेगाळलेल्या ओल्या कातळाची कमी. आकडा कुठल्या अंतराला खाली येतो ते बघायचं. हे ओहमच्या नियमापलीकडे काही नाही, बारावीला शिकलीस ते. केंद्राच्या भूजल खात्यात आणि जिऑलॉजिकल सर्व्हेत जिओफिजिसिस्टची जागा एम.एस्सी. फिजिक्सला चालते, परीक्षा यूपीएससी घेते. ती नोकरी मिळवलीस तर तुझ्या आईच्या डोक्यावरचा हंडा उतरेल असं मी म्हणत नाही. ओली भेगही दगा देते. पण नारळापेक्षा बरा अंदाज येतो, आणि चुकला तर का चुकला हे सांगता येतं.

सुट्टीत भिवतासच्या धबधब्याला जाशील तेव्हा फोटो काढून झाले की एक हिशेब कर. शंभर मीटरवरून पडलेलं पाणी खाली आपटून किती तापेल? सगळी ऊर्जा पाण्यातच राहिली असं धर. 9.8 गुणिले 100 भागिले 4,186. उत्तर अंशाच्या पाव भागाला थोडं कमी येतं. हात घालून कळायचं नाही, थर्मामीटर लागेल, आणि वाऱ्याने, उडणाऱ्या तुषारांनी जेवढं थंड होईल ते याहून जास्त असेल. ते सगळं कसं वजा करायचं याचा विचार कर.

आवणीला घरी यायचं तर शनिवार-रविवार ये. प्रॅक्टिकलची बॅच बुडवून येऊ नकोस, बुडलेला प्रयोग परत लावून देत नाहीत, आणि तुझा बाप चार बाया लावून आवणी उरकेल.

कागदांचं शेवटी सांगतो, पण काम आधी कर. जात वैधता प्रमाणपत्राची फाइल अजून पुढे सरकली नसेल तर या आठवड्यात नाशिकला समितीकडे जा. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना आधारला जोडलेलं बँक खातं चालू आहे का बघ, गेल्या वर्षी शेजारच्या पाड्यातल्या दोघांचे पैसे त्यापायी अडकले. होस्टेल मिळालं नाही तर स्वयम योजनेचा अर्ज वेगळा असतो, त्याची तारीखही वेगळी. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून दरवर्षी नवा लागतो. प्रत्येक कागदाच्या पाच झेरॉक्स काढ, एक संच माझ्याकडे ठेव. आणि जर्नलसाठी शंभर पानी वही घेऊ नकोस, दोनशे पानी घे, काट मारायला जागा लागते.